लिओटा क्रचरचं न छापलेलं गाणं

लिओटाला एका जागी बसून कधी ओळ सुचली नाही. तापलेला कंगवा एखादीच्या केसांतून ओढता ओढता तिचे ओठ हलायला लागले की मी समजायचे, आली काहीतरी. मग गिऱ्हाइकाच्या कानाची धडगत नसे.

"अगं बये, केस सरळ करायला आलेय मी! कान भाजायचा असता तर घरीच चूल होती!" अशी आरडाओरड दर शनिवारी ठरलेली. पण पुढच्या शनिवारी तीच बाई पुन्हा लिओटाच्याच खुर्चीत. कारण त्या भाजलेल्या कानाचं गाणं झालं की नाही, हे तिला ऐकायचं असायचं.

आमचं केशालय स्टेट रस्त्यावर होतं. खाली एक थिएटर, त्याच्या शेजारी न्हाव्याचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही. लिओटाची खुर्ची खिडकीपाशी, माझी तिच्या बाजूला. मी ओरा डिकर्सन, ओहायोची. आमच्या तीन पिढ्यांत कुणी कपाशीचं बोंड हातात धरलेलं नाही, आणि लिओटा मला त्यावरून रोज टोमणे मारायची. ती मिसिसिपीतल्या हॉली लँडिंगची. तिच्या भावानं, एल्झीनं, कपाशीच्या काट्यावर एवढंच म्हटलं होतं की वजन बरोबर दिसत नाही. त्या रात्री घोड्यांवरून माणसं आली. नंतर लिओटा आणि तिची आई निघाल्या त्या थेट शिकागोत येऊन थांबल्या. आई पहिल्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेली. तेव्हापासून लिओटाच्या पायाला भिंगरी लागली. खोली घ्यायची, पडदे लावायचे, आणि पडद्यांच्या घड्या मोडायच्या आत दुसरी खोली शोधायची. तिच्याबरोबर राहायची शपथ मी घेतली होती, म्हणून माझीही वरात तिच्या मागं.

शब्द तिचे आणि चाल फेरिस गुडलोची. फेरिस खालच्या थिएटरात पियानो वाजवायचा. उंच, देखणा, कपड्यांची हौस असलेला, आणि गोड बोलून समोरच्याच्या ताटातली भाकरी उचलणारा. दोघांनी मिळून पाच-सहा गाणी केली होती. आम्हा काळ्या लोकांतलाच एक प्रकाशक होता, ड्रूरी म्हणून. तो ती छापायचा, बाया ती आमच्या खुर्च्यांत बसून गुणगुणायच्या, आणि महिन्याभरात विसरायच्या.

एकोणीसशे सोळा सालच्या थंडीत फेरिस जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"ड्रूरीला घराच्या आठवणीचं गाणं हवंय," तो म्हणाला. "दक्षिणेचं. कपाशीचं रान, झोपडी, दारात म्हातारी आई, आणि मला परत ने रे देवा."

लिओटानं कंगवा शेगडीवर आपटला. "कपाशीनं माझी बोटं फाडली आणि त्या गावानं माझा भाऊ खाल्ला. त्याच्या आठवणीनं मी गळा काढू?"

"तू नको काढू. ऐकणाऱ्याला काढायला लाव. गोऱ्यांना हेच ऐकायचंय, लिओटा. आपण इथं थंडीत कुडकुडत परत जायला टपून बसलोय, असं वाटलं की त्यांना बरं वाटतं."

"आणि आपल्या लोकांना?"

"आपले लोक चालीवर डोलतील. शब्दांकडे कोण बघतंय?"

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता, तर गाणं झालंच नसतं. शब्दांकडे कोण बघतंय म्हणे! लिओटानं हातातली बाई माझ्याकडे ढकलली, शाल ओढली आणि बर्फात रस्त्यानं खालीवर चालत राहिली. दिवस मावळायच्या आत गाणं घेऊन वर आली.

*ने रे मला, आगगाडी, कपाशीच्या रानी,*
*दारात माझी आई उभी, डोळ्यांमध्ये पाणी.*

तिची आई शिकागोच्या मातीत होती आणि त्या मातीवर वीतभर बर्फ होतं. पण गाणं असं काही झालं होतं की मी, ओहायोची, कधी न पाहिलेल्या झोपडीसाठी डोळे पुसत बसले. फेरिसनं गाणं तिच्या हातातून घेतलं. मग खाली पियानोपाशी गेला.

वसंत येईपर्यंत ते गाणं सगळीकडे पसरलं. खालच्या थिएटरात रोज दोनदा. ट्राममध्ये कॉलेजची गोरी पोरं शिट्टीवर वाजवायची. ग्रामोफोनची तबकडी निघाली. ती गायली एका गोऱ्या गवय्यानं, आणि आमची नक्कल करायला तोंडाला काजळी फासलेला त्याचा फोटो दुकानाच्या काचेत लागला. फेरिसनं नवा कोट शिवला. लिओटा मात्र गाणं कानावर पडलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. पलीकडेही ते असायचंच.

"बसल्या जागी मला मुंग्या चावतात, ओरा," ती म्हणायची. आम्ही पुन्हा खोली बदलली.

नव्या खोलीच्या खालच्या मजल्यावर वर्जी राहायची. कत्तलखान्याच्या कँटीनमध्ये काम करणारी, तोंडानं तिखट, मनानं सरळ. शाळकरी पोराशिवाय तिच्याकडे तिचा म्हातारा बाप होता. सगळे त्याला पापा यॅन्सी म्हणायचे. तोही हॉली लँडिंगचाच. लेकीनं आग्रहानं आणलेला. अंगावर दोन गोधड्या घेऊन खिडकीपाशी बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा. पहिल्यांदा लिओटाला बघून म्हणाला, "क्रचरची पोरगी ना तू? तुझ्या बापासारखीच चालतेस, मागं कुत्रं लागल्यासारखी."

एका शनिवारी वर्जी त्याला थिएटरात घेऊन गेली. गाणं सुरू झालं तसा म्हातारा ताठ बसला. संपल्यावर टाळी वाजवली नाही. सोमवारी वर्जी कामावरून आली तर खिडकीपाशी दोन गोधड्या घडी करून ठेवलेल्या, आणि म्हातारा नाही. शेजारणीनं सांगितलं, रविवारचा कोट घालून स्टेशनाकडे गेला.

वर्जी तशीच आमच्याकडे आली. केशालयात चार बाया बसलेल्या. ती दारातच ओरडली, "लिओटा क्रचर! तुझ्या गाण्यानं माझा बाप नेला! आई उभी आहे म्हणे दारात! कुणाची आई? कुठलं दार? त्या गावातून तू स्वतः रातोरात पळालीस, आणि माझ्या म्हाताऱ्याला तिकडं पाठवलंस?"

लिओटानं अॅप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "मी आणते त्यांना."

"तू त्या गावात पाय ठेवणार?" मी विचारलं.

"तू पण ठेवणार," ती म्हणाली. "एकटी बाई दिसली की लोक विचारतात. दोघी दिसल्या की समजतात, मयताला चालल्यात."

बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि मक्याची भाकरी बांधून घेतली. केरो गावाशी नदी ओलांडली की दक्षिण, म्हणून त्याआधीच आम्हाला उठवून इंजिनामागच्या काळ्यांच्या वेगळ्या डब्यात बसवलं. अर्ध्या डब्यात सामान, अर्ध्यात आम्ही, आणि खिडक्यांतून कोळशाची धूळ. लिओटानं शिकागोची टोपी काढून डोक्याला फडकं बांधलं, आणि माझीही टोपी ओढून पिशवीत कोंबली. अंडी मी आमच्या शिकागोच्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती. ते तिनं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे सापडलं ना, तर अंडी खायला आपण उरणार नाही," ती म्हणाली आणि कागद खिडकीबाहेर फेकून दिला. त्या दिवसांत मळेवाल्यांची माणसं घरोघर तेच शोधत होती. उत्तरेला काम आहे, या, असं त्यात छापलेलं असायचं, आणि मजूर गावंच्या गावं रिकामी करून जात होते.

हॉली लँडिंगच्या स्टेशनावर मळ्याचा मुकादम, लिओटा गेल्यावर नेमलेला, घोड्याला टेकून उभाच होता. कोण उतरतं, कोण चढतं, हे बघणं एवढंच त्याचं त्या आठवड्यातलं काम.

"कुठल्या तुम्ही?"

"मेम्फिसच्या, साहेब," लिओटा म्हणाली. माझा विश्वास बसेना. तिचा आवाज, मान, खांदे, सगळं एका क्षणात दुसऱ्याच बाईचं झालं होतं. "यॅन्सी म्हाताऱ्याच्या भाच्या. धुणं धुतो तिकडं."

"आणि ही काय बोलत नाही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात लिओटा म्हणाली, "मुकी आहे, साहेब. जन्मापासून."

माझं ओहायोचं बोलणं पहिल्याच शब्दाला ओळखू आलं असतं, हे खरं. पण त्या गावात होते तेवढे दिवस मला तोंड शिवून राहावं लागलं. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकी मोठी शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

पापा यॅन्सी नदीकाठी गळ टाकून बसला होता. अंगात नुसता सदरा. शिकागोतला तो वाकलेला, खोकणारा माणूस कुठं गेला होता कोण जाणे. शेजारी डबड्यात दोन मासे तडफडत होते.

"आलीस?" वळून न बघता तो म्हणाला. "पावलांवरून ओळखलं. मासे घाबरतील, हळू चाल."

लिओटा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पापा यॅन्सी, ते गाणं खोटं आहे. मी रागाच्या भरात रचलं. माझी आई शिकागोत पुरलीय. मला इथं यायचं नव्हतं, कधीच नव्हतं. चला परत."

म्हातारा इतका हसला की गळ हलला. "पोरी, तुला काय वाटलं, मला कळलं नाही? कपाशी वेचायला वाकलेला माणूस तिच्या रानाबद्दल मनापासून असं गोड बोलणार नाही, एवढं मला कळतं. मी गाण्यामुळं नाही आलो. मला हाडं उन्हात टेकवून मरायचं होतं. ते वर्जीला सांगायला तोंड होत नव्हतं. गाण्यानं फक्त 'ऊठ' म्हटलं."

"वर्जी रडतेय."

"रडेल, आणि मग पोराला शाळेत पाठवून कामावर जाईल. मी तिथं असताना तिला खिडकीपाशीची माझी खुर्ची ओलांडून जावं लागायचं." त्यानं गळ पुन्हा टाकला. "मला नेऊ नको. आली आहेस तर मासे खा."

त्या रात्री लिओटा झोपली नाही. खोटं बोलून माणसाला संकटात ढकललं म्हणून धावत आली, आणि माणूस तर सुखात. मग राग कुणावर करायचा? दुसऱ्या दिवशी तिला उत्तर मिळालं. मळ्याच्या दुकानात आम्ही मीठ घ्यायला गेलो तर तिथं ओसरीवर ग्रामोफोन लावलेला, आणि त्यावर तिचंच गाणं. तोच काजळी फासलेला गवय्या गळा काढत होता. मालकानं मुद्दाम मेम्फिसहून मागवलं होतं. बघा, तिकडं गेलेले कसे रडताहेत, असं मजुरांना ऐकवायला.

लिओटानं मीठ घेतलं, पिशवी घेतली, आणि बाहेर येऊन ओढ्याच्या दिशेनं चालत सुटली.

ओढ्यावर बाया धुणं बडवत होत्या. त्याही तेच गाणं म्हणत होत्या. मी लिओटाचा हात धरला, तिला तिथून न्यावं म्हणून. पण ती थांबली, कारण शब्द वेगळे होते.

*ने रे मला, आगगाडी, कपाशीच्या रानातून,*
*दारात माझी आई सांगे, बघू नको वळून.*

"हे कुणी रचलं?" लिओटानं एकीला विचारलं.

"रचायचं काय त्यात?" ती बाई पिळा पिळत म्हणाली. "दुकानातली ती तबकडी घासलेली आहे. आम्ही नीट करून घेतली."

शनिवारी मुकादम पापा यॅन्सीच्या झोपडीपाशी आला. उद्या देवळात उभं राहून शिकागोचं खरं काय ते सगळ्यांना सांग, असा मालकाचा निरोप. परत आलेला माणूस त्यांच्याकडे हा एकच होता. मुकादम गेल्यावर लिओटा म्हणाली, "आजारी पडा. पाय मुरगळला म्हणा." म्हातारा म्हणाला, "का बरं? मालक म्हणतात खरं सांग. खरं सांगायला मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं."

रविवारी देऊळ गच्च भरलं. मुकादम आणि दुकानाचा कारकून मागं दाराशी उभे. पापा यॅन्सी रविवारचा कोट घालून पुढं गेला, घसा खाकरला.

"तर बंधूंनो, भगिनींनो. शिकागो फार वाईट गाव."

"बरोबर!" मागून मुकादम.

"थंडी अशी की थुंकलं तर जमिनीवर गारगोटी पडते. म्हणून घरात बसावं, तर माझी लेक दार आतून लावून घेते. दिवसभर चिटपाखरू येत नाही. मुकादम नाही, शेरीफ नाही. कधी एखादा गोरा आलाच, विम्याचा वगैरे, तर बाहेर उभा राहून दार वाजवतो. टोपी काढतो. माझ्या लेकीला 'मिसेस' म्हणतो. सांगा, असल्या परक्या गावात म्हाताऱ्याचं मन कसं रमावं?"

"कसं रमावं!" पुढच्या बाकावरची एक जाडी बाई म्हणाली.

"ट्राममध्ये बसलो. तर शेजारी गोरी बाई येऊन बसली! मी उठलो. पण जाऊ कुठं? आपला वेगळा डबाच नाही. कुणाला लाज नाही, लिओटा... लुटारू लेकाचे, वेगळा डबा ठेवत नाहीत!" आमच्याकडे बघून त्याची जीभ घसरली होती. मी मुकी, नाहीतर किंचाळलेच असते. पण त्यानं लगेच सावरून घेतलं.

"दया कर, देवा!" लोक म्हणाले.

"आणि पोरं. बिघडली हो पोरं. कपाशी वेचायच्या दिवसांत शाळा. पेरणीच्या दिवसांत शाळा. माझ्या नातवाच्या हाताला एक घट्टा नाही. नुसता पुस्तक वाचून दाखवतो, धडाधडा. असल्या पोराचं पुढं काय होणार?"

"काय होणार!" आता सगळं देऊळ म्हणत होतं.

"इथं मालक आपली मजुरी वर्षभर सांभाळून ठेवतात. आपल्याला काळजी नाही. तिथं? दर शनिवारी हातात देऊन मोकळे होतात. घ्या, म्हणे, तुमचं तुम्ही बघा!"

मुकादम मांडीवर थाप मारून हसत होता. कारकूनही हसत होता. देवळात दुसरं कुणी हसत नव्हतं. सगळ्यांची तोंडं अशी गंभीर, जसं काही मयत समोर ठेवलंय. नुसते हातातले पंखे हलत होते, भराभर.

"आणि ती गाडी. ती तर म्हाताऱ्यांच्या जिवावरच उठलेली. उत्तरेची गाडी स्टेशनात नीट थांबते, तिथं चांगली देखरेख असते. पण पुढं पाण्याच्या टाकीपाशी, वळणावर, रेंगाळत राहते. कुणी बघणारं नाही, विचारणारं नाही. तिथं माणूस चुकून चढला तर? म्हणून सांगतो, त्या टाकीकडं फिरकू नका. मंगळवारी तर मुळीच नको, मंगळवारी ती फारच रेंगाळते. आमेन."

"आमेन!" देऊळ दणाणलं.

माझ्या शेजारी लिओटा थरथरत होती. मला वाटलं रडतेय. बघते तर रुमालाचा बोळा तोंडात धरलेला, आणि डोळ्यांतून हसण्याचं पाणी. मुकादमानं जाताना म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला तंबाखूची पुडी दिली.

आम्ही परत निघालो तेव्हा पापा यॅन्सी पोचवायला आला नाही. मासे लागत होते. पण आमच्याच गाडीत, टाकीच्या वळणावर, ती देवळातली जाडी बाई चढली. मागोमाग तिचा नवरा, पोरं आणि पिंजऱ्यात कोंबडी. त्या उन्हाळ्यात त्या मळ्यावरून किती घरं उठली ते मला माहीत नाही, पण वर्जीच्या ओसरीवर हॉली लँडिंगची माणसं दर आठवड्याला नवी दिसायची.

गाडीत नदी ओलांडल्यावर मला बोलायची परवानगी मिळाली, आणि लिओटा ऐकतच नव्हती. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. शिकागोला पोचेपर्यंत गाणं तयार होतं. 'शिकागो, वाईट गाव.' म्हाताऱ्याचीच तऱ्हा होती, एकेका कडव्यात एकेक तक्रार. फेरिसनं चाल बांधली ती इतकी रडवेली की हसून पोट दुखावं. केशालयात त्यानं ते एकदा म्हणून दाखवलं. आमच्या बाया खुर्च्यांवरून घसरल्या. एकीचे अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे, ती तशीच नाचायला लागली.

"आता बघ," फेरिस म्हणाला. "हे देशभर जाणार."

त्यासरशी लिओटाचं हसू गेलं. "हॉली लँडिंगलाही?"

"मिसिसिपीच्या चिखलातसुद्धा!"

"मग नाही द्यायचं."

फेरिसनं कारण विचारलं. ती म्हणाली, "हे त्या दुकानाच्या ओसरीवर वाजलं, तर मुकादमाला पहिल्या कडव्यात कळेल की देवळात काय झालं. म्हाताऱ्याला ते काय करतील, हे तुला मी सांगायला नको."

"मुकादम? तो गाणं ऐकून अर्थ लावत बसणार आहे?"

"शब्दांकडे कोण बघतंय, असंच ना?"

भांडण आठवडाभर चाललं. फेरिस म्हणाला, एका म्हाताऱ्याच्या मासे पकडण्यासाठी आयुष्यातलं सर्वांत चांगलं गाणं पेटीत टाकणारी बाई मी पाहिली नाही. ती म्हणाली, मग बघून घे. तो न्यूयॉर्कला गेला. चाल त्याची होती. ती त्यानं नेली आणि तिच्यावर चांदण्याचे, चुंबनाचे शब्द घातले. ते गाणं बरं चाललं. लिओटानं आमच्या रस्त्यावर ते ऐकलं आणि पुढं चालत राहिली.

त्यानंतरची दोन वर्षं तिनं जशी काढली तशी कुणी काढू नयेत. जिन्यात वर्जी भेटली की ती विचारायची, "पापा कसे आहेत?" वर्जीचा राग तोवर निवळला होता. ती सांगायची, बरे आहेत, मासे खातात, तंबाखू खातात. लिओटा म्हणायची, "छान." आणि वर येऊन उशी भिंतीवर फेकायची.

"मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करते की मरणाची, ओरा? मला खरंच कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, हे घर सोडू. आम्ही सोडलं. पण पुन्हा वर्जीलाच भेटायला जायची, आणि तेच विचारायची.

एकोणीस सालच्या जूनमध्ये पापा यॅन्सी गेला. गळ हातात असताना, उन्हात. वर्जीनं सांगितलं तेव्हा लिओटा तिच्या गळ्यात पडून इतकी रडली की वर्जीच तिला थोपटत राहिली. मग जुलैत तिनं गाणं ड्रूरीला नेऊन दिलं. नवी चाल एका चर्चच्या पियानोवाल्यानं लावली होती. ड्रूरी म्हणाला, पुढच्या आठवड्यात छापायला घेतो.

पुढच्या आठवड्यात तळ्याच्या काठी गोऱ्यांनी आमच्या एका पोराला दगड मारून बुडवलं, आणि शिकागो पेटलं. आम्ही सहा बाया केशालयात अडकलो. शेगडी विझलेली, काचांवर गाद्या लावलेल्या, खाली गोळ्यांचे आवाज. ट्राममधून आमची माणसं ओढून मारत होते. वर्जीच्या घराचं दार कुऱ्हाडीनं फोडलं. ती पोराला घेऊन मागच्या जिन्यानं पळाली म्हणून वाचली. परत आली तर पलंगसुद्धा रस्त्यात जळलेला.

सैनिक येऊन रस्ते शांत झाल्यावर लिओटा ड्रूरीकडे गेली. मी बरोबर होते. फुटलेल्या काचांवरून चालत गेलो. ड्रूरी दुकान झाडत होता.

"माझं गाणं परत द्या," ती म्हणाली.

"मीही तेच सांगणार होतो," तो म्हणाला. "'शिकागो, वाईट गाव.' आता हे कुणी ऐकलं तर हसेल कशाला?"

तिनं ते घेतलं. मला वाटलं फाडेल. तसं काही केलं नाही. वर्जी त्या दिवसांत आमच्याच खोलीत राहत होती. तिच्यापुढं बसून, म्हणजे खरं तर तिच्याभोवती फेऱ्या घालत, लिओटानं तिला ते पहिल्यापासून म्हणून दाखवलं. देवळातली सगळी हकीकतही सांगितली. वर्जीला ती आजवर माहीत नव्हती. वर्जी आधी हसली, मग तोंड झाकून रडली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "हे माझ्या बापाचं आहे, लिओटा. तुझं नाही."

"हो," लिओटा म्हणाली. मी तिला आयुष्यात इतक्या चटकन कुणाचं म्हणणं मान्य करताना पाहिलं नव्हतं. तिनं गाणं वर्जीला देऊन टाकलं.

त्यानंतर वर्षभर तिनं ओळ लिहिली नाही, आणि आमच्या गिऱ्हाइकांचे कान शाबूत राहिले. मग एका दुपारी पुन्हा ओठ हलायला लागले. यावेळचं गाणं कपाशीचं नव्हतं, शिकागोचंही नव्हतं. कुठल्याच खोलीत जिला झोप लागत नाही, भिंतीपल्याडच्या माणसांचा खोकला ऐकत जी पडून राहते, अशा एका बाईचं होतं. सरळ, साधं, गोड करून न सांगितलेलं. मी म्हटलं, "हे कोण घेणार?" ब्लॉसम टिल्मन नावाच्या, गावोगावच्या तंबूतल्या खेळांत गाणाऱ्या एका बाईनं ते घेतलं आणि तिची तबकडी निघाली. यावेळी गाणारीचा चेहरा आमचाच होता, काजळीशिवाय. आमच्या रस्त्यावर उन्हाळाभर ती प्रत्येक खिडकीतून ऐकू यायची. लिओटा आता रस्ता ओलांडत नव्हती. उभी राहून ऐकायची आणि तिसऱ्या कडव्याला तोंड वाकडं करायची. तिथं तिला एक शब्द बदलायचा राहिला होता.

पंचवीस साली ती म्हणाली, कॅलिफोर्नियाला जाऊ. तिकडं आपल्या बायकांना केस करणारी कुणी धड नाही. मी म्हटलं, नाही. माझी गुडघेदुखी सुरू झाली होती, आणि पडदे बदलून मी कंटाळले होते. ती चिडली नाही. पेटी भरली, कंगवा फडक्यात गुंडाळला. स्टेशनावर हमालाशी पेटीवरून भांडली, मला मिठी मारली, आणि गाडी हलायच्या आत डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायलाही लागली. मी फलाटावरून खिडक्या मोजत तिला शोधत होते. एकीत दिसली, दुसरीत नाही, तिसरीत पुन्हा दिसली. ओठ हलत होते. मला काही सांगत होती की तिचं तिचंच चाललं होतं, ते काचेतून समजलं नाही.